तीन तिघाडा, पण काम बिघडत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावरील लेखात 'फ्रस्ट्रेटेड' चुंबकांना 'निराश चुंबक' म्हटले आहे, आणि त्यांत 'क्रम निर्माणच होत नाही' (म्हणजे अणूंच्या चुंबकी दिशा ठरावीक नक्षीत लागत नाहीत) असेही. निराशा कसली? मुंबईकराच्या रोजच्या ओळखीचा शब्द हाताशी आहे: कोंडी.

त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन अणू, प्रत्येक जणू छोटा चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे. दोघांचे जमते, तिसरा अडकतो. तोंड फक्त वर किंवा खालीच करता येत असेल, तर पंचाईत खरी. अशा त्रिकोणी जाळीत शून्य केल्विनलाही (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) क्रम येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ वॅनियेने १९५० मध्येच दाखवले. पण तोंड तिरके वळवायची मुभा असली की तडजोड निघते. तीन भाग मँगनीज आणि एक भाग कथील यांच्या संयुगात तिघे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून उभे राहतात, तेही सुमारे ४२० केल्विन, म्हणजे १४७ अंश सेल्सिअसपर्यंत. एकूण चुंबकत्व जवळपास शून्य, तरीही २०१५ मध्ये त्यात खोलीच्या तापमानाला मोठा हॉल परिणाम (वाहत्या विजेला आडवा विद्युतदाब निर्माण होणे) सापडला.

धातूत आणखी एक भानगड असते. फिरते इलेक्ट्रॉन दूरच्या अणूंनाही निरोप पोचवतात, आणि तो अंतरानुसार कधी 'सारखे वळा', कधी 'उलट वळा' असा बदलतो, म्हणजे पुन्हा कोंडी. याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात अभ्यासले गेले. गॅडोलिनियम, पॅलेडियम व सिलिकॉनच्या संयुगाचा (प्रमाण २:१:३) विद्युतरोध कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) संशोधकांनी नव्वदच्या दशकात मोजला. धातू थंड केला की रोध उतरायला हवा. इथे तो ४५ केल्विनच्या आसपास तळ गाठून पुन्हा चढतो. क्रम येतो त्यानंतर, २१ केल्विनला. म्हणजे कोंडीची कुजबुज आधीच सुरू झालेली असते. २०१९ मध्ये याच संयुगात, चुंबकी क्षेत्राखाली, अणूंच्या चुंबकी दिशांच्या सुमारे अडीच नॅनोमीटरच्या भोवऱ्यांची जाळी दिसली. एरवी असा क्रम न्यूट्रॉनने पाहतात, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ती सोय आहे, पण नैसर्गिक गॅडोलिनियम न्यूट्रॉन गिळून टाकते (गिळण्याचे माप सुमारे ४९,००० बार्न, लोखंडाचे जेमतेम अडीच). म्हणून क्ष-किरण वापरावे लागले.

शेवटी, लेखातला 'चुंबक चिकटतो का ते पाहा' हा प्रयोग. मँगनीज-कथिलाची गोळी विजेच्या ठिणगीने तापणाऱ्या आर्क भट्टीत, आर्गॉन वायूमध्ये, उलटून-पालटून तीन-चारदा वितळवतात. दर वेळी वजन करावे लागते, कारण मँगनीज वाफ होऊन उडते. म्हणून ते सुरुवातीलाच थोडे जास्त घेतात. अशा गोळीला, आत क्रम असूनही, हातातला चुंबक चिकटणार नाही. चिकटलाच, तर शोध लोखंडाच्या भेसळीचा घ्यावा.

आपला,
एक वाचक, चेंबूर, मुंबई