नव्या घराच्या नकाशात शेजारची घरेही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा संपला की किनाऱ्यावरच्या जुन्या आळ्यांमध्ये मोडकळीला आलेली घरे उतरवायला सुरुवात होते आणि नव्या घरांचे नकाशे नगरपंचायतीत, ग्रामपंचायतीत दाखल होऊ लागतात. तिथे भूखंडाचे क्षेत्र, चटई क्षेत्र, सोडायची जागा आणि मजले एवढे तपासले जाते. कुठे कुठे गावाचे कोकणी रूप टिकावे म्हणून कौले आणि जांभ्याचा आग्रहही धरतात. आमच्या मते या दोन्हींत मुख्य गोष्ट हातची सुटते. नकाशावर घर एकटे असते. त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला काय आहे, हे तपासणाऱ्याला दिसतच नाही.

गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी, दिवेआगर अशा गावांत एकेक घर पाहिले तर बहुतेक साधेच आहे. मोल आहे ते रांगेला. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) किंवा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेली बुटकी कुंपणे), आत अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, मागे परसू, विहीर आणि नारळी-पोफळीची वाडी. घरांच्या वळचणी (छपराच्या खालच्या कडा) जवळपास एका रेषेत, जोती (घराखालचे चौथरे) जवळपास एका पातळीत. ही रेष एका घराने मोडली की पुढचे घर बांधणारा त्या मोडलेल्या घराकडे बोट दाखवतो, आणि मग अडवणाऱ्याकडे उत्तर राहत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी की जुन्या आळीतल्या प्रत्येक नव्या घराच्या प्रस्तावाला आळीचा दर्शनी नकाशा जोडणे सक्तीचे करावे. नव्या घराच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन घरे आणि समोरची रांग, १:१०० प्रमाणात. त्यात प्रत्येक घराच्या चारच गोष्टी मोजायच्या: रस्त्याच्या मध्यापासून जोत्याची उंची, वळचणीची उंची, आढ्याची (छपराच्या माथ्याची) उंची आणि गडग्यापासून पडवीपर्यंतचे अंतर. पाण्याची पारदर्शक नळी, टेप आणि ओळंबा घेऊन दोन माणसे हे काम अर्ध्या दिवसात करतात. आढे गाठता येत नसेल तर घराची रुंदी आणि छपराचा उतार मोजून उंची काढता येते. यासाठी महागडा सर्व्हे लागत नाही. खर्चाची सबब पुढे येईल, पण घराच्या एकूण खर्चात हा आकडा दिसतही नाही.

या नकाशावर सगळ्यांत आधी जोते पाहावे. जुनी जोती दीड ते अडीच फुटांची असतात. नवे घर बांधताना पाणी शिरू नये म्हणून जागेवर तीन-चार फूट भर घालतात आणि त्यावर पुन्हा जोते चढवतात. घरमालकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे वाटते, पण पाणी कुठे जाणार हा प्रश्न त्याने शेजाऱ्याच्या अंगणात ढकललेला असतो. शेजारचे जुने घर खड्ड्यात जाते, त्याच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीचे खालचे थर ओले राहतात आणि काही पावसाळ्यांत त्या भिंतीवर मीठ फुटू लागते. भर घालण्यापूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही पातळ्या नकाशावर लिहायला लावल्या, तर हा वाद कागदावरच मिटवता येईल. रस्ता खरोखरच उंच झाला असेल, आणि डांबराचे थर चढून तो बहुतेक ठिकाणी झालेला आहे, तर जोते किती चढवायचे ते एका घरापुरते न ठरवता आळीसाठी ठरवावे.

दुसरी गोष्ट उंचीची. इथे कागद आणि प्रत्यक्ष यांत सर्वांत मोठी तफावत पडते. एक हिशेब मांडतो. जोते ०.६ मीटर, दोन मजले प्रत्येकी ३ मीटर, आणि ८ मीटर रुंदीच्या घरावर ३० अंशांचे कौलारू छप्पर धरले तर त्याची चढण २.३ मीटर. बेरीज ८.९ मीटर. तेवढेच घर सपाट गच्चीचे दाखवले तर कठड्यासह ७.६ मीटर भरते, म्हणजे कागदावर ते ठेंगणे आणि निरुपद्रवी वाटते. पण कोकणातल्या पावसात गच्ची गळते. दोन-तीन वर्षांत तिच्यावर लोखंडी खांब आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) उभारून रंगीत पत्रा टाकला जातो. २.४ मीटरचे खांब आणि मीटरभराची कैची धरली की घर १० मीटरवर जाते, आणि हा तिसरा मजला कोणत्याच मंजूर नकाशात नसतो. आळीत आज जी निळी-लाल पत्र्याची शेड सगळ्यांच्या डोक्यावर दिसते ती अशी आलेली आहे. म्हणून गच्चीचा प्रस्ताव आला की तपासणाऱ्याने सरळ विचारावे, हिच्यावर पुढे काय येणार? जे येणार असेल ते आजच नकाशात दाखवून त्याची उंची धरावी. नियमात उतरत्या छपराची उंची मोजण्याची पद्धत वेगळी असू शकते. आळीपुरते मात्र वळचण आणि आढे दोन्ही मोजले पाहिजेत, कारण रस्त्यावरून चालणाऱ्याला वळचण दिसते आणि शेजाऱ्याचा उजेड-वारा आढे अडवते.

सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिकांच्या घरांसाठी ९ मीटर उंची आणि तळ अधिक एक मजला अशी मर्यादा घातलेली होती. वरचा हिशेब पाहिला तर नीट उताराचे दुमजली घर त्यात बसते. त्यामुळे उतरते छप्पर घेतले तर जागा कमी पडते, ही तक्रार फारशी टिकत नाही.

छपराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कौलांवरचा लोकांचा विश्वास उडाला. छपरे उडाली हे खरे. पण ती बहुतेक ठिकाणी कौलामुळे नव्हे, जोडणीमुळे उडतात. वासे पाटईवर, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर, नुसते टेकवलेले, पाटई भिंतीला न बांधलेली, कौले स्वतःच्या वजनावर बसलेली. वारा वळचणीखालून शिरतो आणि छप्पर खालून वर उचलतो. म्हणून नकाशात छपराचा एक मोठ्या प्रमाणातला छेद हवा आणि त्यात ही जोडणी दिसली पाहिजे: भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा, त्यात आधीच सोडलेले बोल्ट, पाटई बोल्टने पक्की, प्रत्येक वासा पाटईला लोखंडी पट्टीने जखडलेला. वळचणीच्या पहिल्या तीन ओळी, दोन्ही कडांच्या ओळी आणि आढ्यावरची कौले तारेने रिपेला (कौलांखालच्या आडव्या पट्टीला) बांधावीत. मंगळुरी कौलाला त्यासाठी मागे भोक असते, ते कोणी वापरत नाही एवढेच. खाऱ्या हवेत साधी बांधणीची तार दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

उतार फुटाला सात इंच, म्हणजे साधारण ३० अंश ठेवावा. तो साडेपाच इंचांच्या खाली गेला की झडीचे पाणी कौलांच्या सांध्यातून उलटे चढते आणि दोष पुन्हा कौलांना लागतो. भिंतीबाहेरची अधांतरी वळचण दोन फुटांच्या आत असावी. जास्त सावली आणि आडोसा हवा असेल तर खांबांवर पडवी काढावी, पण तिचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे, एक पायरी खाली ठेवावे. वादळात पडवी गेली तरी घराचे छप्पर शाबूत राहते. जुन्या घरांची पडवी नुसती शोभेसाठी नव्हती. तिच्यामुळे ओटीच्या भिंतीला पावसाचा मार लागत नव्हता.

उतरत्या स्लॅबवर कौले सिमेंटात चिकटवण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. बाहेरून रूप ‘कोकणी’ दिसते, म्हणून अशा नकाशांना चटकन होकार मिळतो. पण कौलाखाली हवा खेळत नाही, ओल स्लॅबवर बसून राहते, आणि एक कौल फुटले तर बदलताना आजूबाजूची चार निघतात. स्लॅब हवाच असेल तर त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग सुटी कौले अशी रचना करावी. मधली दीड-दोन इंचांची पोकळी पाणी आणि उष्णता दोन्ही बाहेर काढते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सागवानी वासेच वापरा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. लाकूड परवडत नाही आणि वाळवीही लागते. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या कैचीवर कौले उत्तम बसतात. मंगळुरी कौल तरी कोकणात कुठे मुळापासून होते? बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी गवत, पेंढा आणि नळीची कौलेच होती. नवे साहित्य आळीने नेहमीच सामावून घेतले. रेष, उतार आणि अंतर सांभाळले, एवढी एकच अट होती.

जांभ्याचेही तसेच. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर जांभ्याच्या इंचभर जाडीच्या चकत्या चिकटवलेले दर्शनी भाग तपासणीत सहज पार होतात. त्यामागे पाणी शिरले की चकत्या सुटतात. त्यापेक्षा सरळ गिलावा आणि साधा रंग बरा. खऱ्या चिऱ्याची भिंत बांधणार असाल तर तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा सच्छिद्र असतो, पाणी घेतो आणि सोडतो. वर घट्ट सिमेंट आले की आत गेलेले पाणी अडकते, गिलावा फुगतो आणि पापुद्र्यासह चिऱ्याचा पृष्ठभागही घेऊन पडतो. चिऱ्यांमधले सांधे भरून उघडी ठेवा किंवा चुन्याचा गिलावा करा.

काँक्रीटच्या नक्षीदार महिरपी, नकली तुळयांची टोके, पातळ छज्जे यांना नकार द्यावा, आणि त्याचे कारण आवडीनिवडीचे नाही. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-३० ताकदीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागते. ७५ मिलिमीटर जाडीच्या छज्ज्यात वरून-खालून एवढे आवरण मिळणे शक्यच नाही. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे तुकडे खालून जाणाऱ्यावर पडतात.

गडग्याकडे तपासणीत कोणी पाहतच नाही. गाडी आत घ्यायची म्हणून रस्त्याकडचा सगळा गडगा पाडतात, अंगणात पेव्हर घालतात आणि तिथे पोलादी सरकते फाटक लावतात. तीन मीटरची एकच वाट, भूखंडाच्या एका कडेला, गाडी घराच्या बाजूने परसवाकडे नेणारी, एवढी पुरते. घर खांबांवर उचलून खाली गाड्या लावण्याचा प्रस्ताव जुन्या आळीत मंजूर करू नये. मग रस्त्याच्या बाजूला ओटीऐवजी अंधारे वाहनतळ येते. दोन शेजाऱ्यांमधला कोरडा गडगा पाडून काँक्रीटची भिंत बांधायची असेल तर तळाशी दर दीड-दोन मीटरला पाण्याची वाट सोडलीच पाहिजे. गडग्याच्या फटींतून पाणी पाझरत होते. सलग भिंत ते तुंबवते आणि पहिल्या मोठ्या सरीला एका बाजूला झुकते.

शेजारची विहीर नकाशावर दाखवणे तर सगळ्यांत निकडीचे आहे. सांडपाणी मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर हवा. आळीतले भूखंड लांबट आणि अरुंद. स्वतःच्या विहिरीपासून लांब म्हणून मालक खड्डा कडेला नेतो आणि तो नेमका शेजाऱ्याच्या विहिरीला चिकटतो. पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, जमिनीत घाण लवकर झिरपते. पर्यटकांसाठी चार-सहा खोल्या, प्रत्येकीला संडास-न्हाणी, असा प्रस्ताव असेल तर हा मुद्दा आधी निकाली काढूनच बाकीचे बघावे. त्याच प्रस्तावात पाण्याच्या टाक्या, एसीची बाहेरची यंत्रे आणि बाहेरचे जिने रस्त्याच्या बाजूला नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

आता हे करायचे कोणी? मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आणि समिती आहे. कोकणातल्या बहुतेक आळ्यांचे नाव मात्र कुठल्याच यादीत नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, पण ते स्मारकासाठी, घरांसाठी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास योजनेत वारसा परिसर दाखवता येतो. ज्या नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या योजना तयार होत आहेत त्यांनी आळ्यांच्या हद्दी आताच आखाव्यात. त्याच कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. म्हणजे समिती नेमून महिनोन्‌महिने बैठका घेत बसण्याला अर्थ नाही.

एक वास्तुरचनाकार, एक अनुभवी गवंडी किंवा सुतार, एक अभियंता आणि आळीतला एक रहिवासी एवढे चौघे पुरेत. त्यांनी नकाशा पक्का होण्यापूर्वी मालकासह जागेवर जाऊन यावे, कारण पक्क्या नकाशात बदल सुचवला की भांडण होते आणि कच्च्या रेखाटनात सुचवला की मालक ऐकतो. हरकत लेखी द्यावी आणि आकड्यात द्यावी. ‘आळीला शोभत नाही’ असा शेरा चालणार नाही. ‘शेजारच्या तीन घरांची वळचण २.७ ते ३ मीटर, प्रस्तावित ४.२ मीटर, पुढच्या पडवीची वळचण ३ मीटरवर आणावी’ असे लिहावे. ज्याला घर बांधायचे आहे त्याला नेमके काय बदलायचे ते कळले पाहिजे.

मंजुरीनंतर दोनदा जागेवर जावे लागेल. एकदा जोते भरल्यावर, भिंती चढण्यापूर्वी, पातळी मोजायला. दुसऱ्यांदा वासे जखडल्यावर, कौले चढण्यापूर्वी, पट्ट्या आणि बोल्ट पाहायला. कौले चढल्यावर यातले काहीच दिसत नाही.

आपले,
जुन्या घरांची कामे करणारे काही वास्तुरचनाकार व गवंडी
ता. दापोली, जि. रत्नागिरी