ते दोन पांढरे पाइप

ता. आर्वी, जि. वर्धा
भाऊबीज झाल्यावर

चि. सौ. वर्षास,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, बाळाला मुका.

परवा तू मधेच फोन ठेवलास त्याचा राग नाही. "बाबा, इथं प्रत्येक कामाला माणूस मिळतो, तुम्ही आर्वीत बसून मिनेसोटातलं घर चालवू नका," असं म्हणालीस. खरं आहे. पण माणसाला बोलवायचं कधी आणि दाखवायचं काय, हे घरवाल्याला कळावं लागतं. कवेलू फेरणारा आपल्याकडंही मिळतो. मृग लागायच्या आधी त्याला आणायची आठवण घरातल्यालाच ठेवावी लागते. फोनवर तू नुसतं हो-हो म्हणतेस, म्हणून कागद घेतला. गोलू फोटो काढून पाठवणार आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायची नाही, असं ठरवून बसलो आहे.

व्हिडिओत तू बाळाला घेऊन मागच्या अंगणात उभी होतीस. आई बाळाकडं पाहत होती, मी मागच्या भिंतीकडं. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर आलेत आणि त्यांच्या तोंडापुढंच एक झुडूप आहे. एका पाइपातून तुमची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, हवा ओढते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर टाकते. या नव्या फर्नेस धुरातली जवळजवळ सगळी उष्णता काढून घेतात, म्हणून उरलेला धूर प्लास्टिकच्या पाइपातून आडवा बाहेर काढता येतो. जुन्या फर्नेसचा धूर छपरावरून जायचा, त्याला बर्फाची भीती नव्हती. तुमचा वीतभर उंचीवर आहे.

मिनियापोलिसकडं हिवाळाभरात सरासरी 50 इंचांच्या वर बर्फ पडतो. तो सगळा एकदम साचत नाही, पण वारा घराच्या कोपऱ्यात त्याचा ढीग लावतो, आणि तुमचे पाइप नेमके कोपऱ्यात आहेत. पाइपाचं तोंड अपेक्षित बर्फाच्या थरापेक्षा निदान 12 इंच वर हवं. फर्नेसच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून वाचून घ्या. तोंड वर उचलून घ्यायचं काम मोठं नाही: दोन कोपर, थोडा पाइप, भिंतीला पट्टी. ते होईपर्यंत झुडूप या आठवड्यातच छाटा. प्रत्येक बर्फानंतर दोन्ही तोंडांभोवती तीन फूट जागा मोकळी करा. पाइपाजवळचा बर्फ हातानं काढा, खोरं लागलं तर थंडीनं कडक झालेलं प्लास्टिक तडकतं. बाहेर पडणारा वायू ओला असतो, त्यामुळं कडाक्याच्या थंडीत तोंडाशी बर्फाचं कडं धरतं. तेही पाहायचं.

तोंड बुजलं की बहुतेक वेळा आतला प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो आणि घर फक्त गार पडतं. पण सारखी बंद पडते म्हणून कोणी त्या स्विचला वळसा घालून तार जोडली, किंवा आत कुठं सांधा सुटला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. वास नाही, रंग नाही. रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. फ्लूसारखं वाटतं, पण ताप नसतो, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटतं. चिंतामणमामाचं तुला माहीत आहे, ते इथं लिहीत नाही.

आता बाकीची कामं.

आधी बाहेरचा नळ. त्याची रबरी नळी आजच काढ. तो लांब दांड्याचा, न गोठणारा नळ असेल तर त्याचा खरा व्हॉल्व भिंतीच्या आत, घराच्या उबेत असतो. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी बाहेर ओघळून जातं. रबरी नळी लावलेली राहिली तर ते जात नाही, तिथंच गोठतं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पाइप फुटतो तो बर्फाच्या धक्क्यानं कमी आणि बर्फ व बंद व्हॉल्व यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं जास्त. आणि हे कळतं उन्हाळ्यात: नळ उघडला की पाणी भिंतीच्या आत पडतं. साधा नळ असेल तर आत बेसमेंटमध्ये त्याचा वेगळा व्हॉल्व शोध, तो बंद कर, बाहेरचा नळ उघडा ठेव आणि व्हॉल्वच्या पोटाला छोटी टोपी असते ती सैल करून उरलेलं पाणी बादलीत काढ.

मुख्य व्हॉल्व कुठं आहे ते तुम्हा दोघांना अंधारात हात लावून सापडलं पाहिजे. त्याला लाल चिंधी बांध. वर्षातून दोनदा तो फिरवून पाहा, नाहीतर गरजेच्या दिवशी जाम झालेला असतो. स्वयंपाकघराचं सिंक बाहेरच्या भिंतीला आहे, म्हणजे कडक थंडीच्या रात्री त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची आणि नळाची बारीक धार सोडायची. गोठलाच तर केस वाळवायच्या यंत्रानं, नळाच्या बाजूनं सुरुवात करून, नळ उघडा ठेवून विरघळवायचा. मेणबत्ती, ज्योतीचा ब्लोटॉर्च, आग काही नाही.

फर्नेसचा फिल्टर एक इंच जाडीचा असेल तर हिवाळ्यात महिन्याला काढून उजेडासमोर धरा, मळला असेल तर बदला. मापं त्याच्या कडेवर छापलेली असतात. बाणाची दिशा फर्नेसकडं. दुकानात महागातला दाट फिल्टर चांगला म्हणून देतील, पण एक इंची खाचेत अति दाट फिल्टर घातला की हवा कोंडते, आतला लोखंडी भाग तापून मशीन मधेच बंद होतं. फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा म्हणजे मर्व. मर्व 8 पुरे, ॲलर्जी असेल तर 11. फर्नेसमधून पाणी वाहून नेणारी बारीक नळीही पाहायची. ती चोंदली तरी मशीन बंद पडतं आणि लोक भलतेच भाग बदलत बसतात.

पन्हळी पानं गळून झाल्यावरच साफ करायच्या, आधी केल्या तर दुप्पट काम. त्यांचं पाणी पायापासून सहा फूट लांब पडलं पाहिजे.

माळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथं लोक हमखास चुकतात. वळचणीला बर्फाचे लांब लोलक लटकले की तुझ्या मैत्रिणी फोटो काढतात. मला ते गळतीची नोटीस वाटतात. घरातली ऊब माळ्यात चढते, छपराचा वरचा भाग तापतो, बर्फ खालून वितळतो, पाणी उतरून वळचणीला येतं. वळचणीखाली घर नाही, ती थंड. तिथं पाणी गोठून बांध तयार होतो. मागून येणारं पाणी बांधाला अडून शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या पातळ कौलांच्या, खाली शिरतं आणि भिंतीतून उतरतं. पन्हळ बदलून हे जात नाही. माळ्याच्या फटी आधी बुजवायच्या: विजेच्या दिव्यांभोवती, पाइपांभोवती, माळ्याच्या झाकणाच्या कडेनं. मग वर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर. तो थर ऊब किती अडवतो त्याचं माप म्हणजे आर. तिकडं नव्या घराला आर-49 मागतात, सेल्युलोज (कागदाचा भुगा) असेल तर साधारण 14 इंचांचा थर. वळचणीखालची हवेची छिद्रं त्या थरानं बुजू द्यायची नाहीत. आणि न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप माळ्यातच तर सोडलेला नाही ना, ते एकदा बघ. तसं असेल तर ती सगळी वाफ छपराच्या फळ्यांवर गोठते आणि वसंतात बुरशी धरते.

यंदापुरतं लांब दांड्याचं फावडं घ्या आणि जमिनीवर उभं राहून छपराचा खालचा तीन-चार फूट पट्टा मोकळा करा. जावईबापूंनी शिडी लावायची नाही, बांधावर कुऱ्हाडही चालवायची नाही. बांध धरलाच तर जुन्या मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो आडवा न ठेवता उभा, बांधाच्या आरपार ठेवायचा, म्हणजे पाण्याला वाट होते. साधं मीठ नको. ते सुमारे उणे 9 अंश सेल्सियसच्या खाली काम करत नाही आणि शिंगल्स, झाडं खराब करतं.

तुझा कुकर दिवसातून चार शिट्ट्या देतो. खिडक्यांवर आतून पाणी सुटतं असं तू म्हणालीस, ते याचंच. बाहेर उणे 20 फॅरनहाइट असेल, म्हणजे आपले उणे 29, तर घरातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास बरी. 40 ठेवलीस तर चौकटी कुजतात. म्हणून हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर कमी कर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लाव.

पण इथंच मला पुन्हा त्या वायूच्या विषयावर यावं लागतं, इलाज नाही. फर्नेस नवी आहे, पण गरम पाण्याची टाकी जुनी दिसते, तिच्या डोक्यावर लोखंडी छत्री आणि वर जाणारा पाइप आहे. पूर्वी त्या मोठ्या धुराड्यात फर्नेस आणि टाकी दोघांचा धूर जायचा, म्हणून ते गरम राहायचं आणि ओढ धरायचं. आता फर्नेस भिंतीतून गेली, धुराड्यात टाकी एकटी राहिली. एवढ्याशा धुरानं एवढं मोठं धुराडं तापत नाही, आणि त्यात तू एक्झॉस्ट लावलास, कपडे वाळवायचं मशीन चालू झालं, की घर हवा बाहेर फेकतं आणि ती भरून काढायला धुराड्यातूनच उलटी ओढतं. आजी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आली की म्हणायची, "दार किलकिलं राहू दे वं." आई चिडायची, थंडी लागते म्हणून. तू त्या खोलीत होतीस, अकरा दिवसांची. आजीला वायूचं नाव माहीत नव्हतं.

तपासायचं असं. दारं-खिडक्या बंद कर, घरातले सगळे पंखे आणि वाळवायचं मशीन लाव, फर्नेसच्या खोलीचं दार ओढून घे. गरम पाण्याचा नळ सोड, म्हणजे टाकीचा बर्नर पेटेल. पाच मिनिटं थांब. मग उदबत्ती पेटवून छत्रीच्या कडेशी धर. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर तुझ्याकडं आला, तर पंखे बंद कर, टाकी बंद कर, आणि माणूस येऊन धुराड्यात आतून बारीक नळी घालून देईपर्यंत ती वापरू नको. ही उदबत्ती पूजेच्या पुड्यातली चालेल.

आणि ते कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र. व्हिडिओत झोपायच्या खोलीबाहेर भिंतीवर नुसता गोल कडा दिसला, यंत्र नाही. विचारलं तर म्हणालीस, सारखं चूं-चूं करत होतं, बाळ उठायचं, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. अर्ध्या-एक मिनिटानं एकच चूं म्हणजे बॅटरी संपली. नव्या बॅटरीनंही थांबलं नाही तर त्याचं आयुष्य संपलं. मागं तारीख छापलेली असते. चार वेळा पीं-पीं-पीं-पीं आणि मग थोडा थांबा, असं वाजलं तर तो वायू. तेव्हा खिडक्या उघडत बसायचं नाही, बाळाला उचलून बाहेर जायचं आणि बाहेरून 911 हा तिकडचा मदतीचा नंबर लावायचा. मिनेसोटाच्या कायद्यानं झोपायच्या प्रत्येक खोलीपासून 10 फुटांच्या आत एक यंत्र लागतं. तेही लगेच ओरडत नाही. हवेत 70 पीपीएम (दहा लाख भागांत 70 भाग) असेल तर एक ते चार तास घेतं, 400 असेल तर चार ते पंधरा मिनिटं. म्हणून डोकं दुखलं तर यंत्र वाजण्याची वाट पाहू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागं जातात, त्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या बदलायच्या, हे ठरवून टाका.

मास्तरासारखं लिहीत गेलो. तू इंजिनिअर, तुला प्रेशर स्विच समजावतो आहे. नळाचं वॉशर बदलताना तू माझ्या मागं टॉर्च धरून उभी राहायचीस आणि माझ्या आधी सांगायचीस, "बाबा, उलटं बसवलंत." बरोबर असायचं. स्वतःच्या नावावर घर घेतलंस, तेही इतक्या दूर. चौकातल्या पानठेल्यावर मी ते तीनदा सांगितलं, आई म्हणते चारदा. पण लेहला एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम खात्याच्या) नोकरीत बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, खोल्यांना जो नियम होता, तोच तुझ्या घराला लागतो. तिथं माणसं हुशार नव्हती असं नाही.

गाडी गॅरेजमध्ये चालू करून तापवायची नाही, मोठं दार उघडं असलं तरी. गॅरेज घराला जोडून आहे. बर्फानं वीज गेली तर फर्नेस चालत नाही, पंखा विजेवर असतो. तेव्हा शेजाऱ्यांसारखा जनरेटर आणलात तर घरापासून 20 फूट लांब, खिडकीपासून दूर. बाळासाठी एक खोली धरा, दारांना चादरी लावा. शेगडी, ग्रील, कोळसा आत नाही. हे लिहिण्याची गरज नाही हे मला कळतं.

जानेवारीत गावी येणार असाल तर थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या खाली उतरवू नका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व बंद करा, वरचे-खालचे नळ उघडून पाणी काढा. घर बंद करण्याआधी गॅसचं मीटर आणि ते पाइप मोकळे करून, शेजाऱ्याला दर बर्फानंतर पाहायला सांगून या. त्याला काहीतरी द्या. आई लाडू करून देते म्हणते, विमानात चालतील का ते तूच विचार.

सोयाबीन घरात आलं. कापसाची पहिली वेचणी झाली. तुरीला कळ्या धरल्या आहेत, आभाळ मात्र परवापासून दाटलंय.

तुझा,
बाबा

ता. क.: त्या पाइपाजवळ टेप उभा धरून फोटो पाठव, जमिनीपासून तोंडापर्यंत. आणि यंत्राच्या मागच्या तारखेचा. नुसतं "हो बाबा" लिहू नको.