खपली 'जंगली' नाहीये हो!

संपादक महोदय,
स.न.

रविवारच्या पुरवणीत खपली गव्हावरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण खपलीला 'जंगली, शुद्ध गहू' म्हटलंय आणि आपला रोजचा लोकवन म्हणजे 'जेनेटिकली मॉडिफाइड' (जीएम, म्हणजे लॅबमध्ये जीन बदललेला) असं ठोकून दिलंय, ते वाचून राहवेना. (ज्युनियर कॉलेजात २५ वर्षं बायोलॉजी शिकवली, तपासायची सवय जात नाही.)

माझं माहेर मिरजेकडचं. तिथे खपली खिरीला आणि पुरणपोळीला लागायची. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो, हिचं तसं नाही, टरफल जखमेवरच्या खपलीसारखं चिकटून बसतं, मग उखळात कांडा आणि सुपात पाखडा. न कांडलेली घेऊन सोलून बघा, बहुतेक वेळा आत दोन दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. हे टरफल सुटणार की नाही ते बरंचसं क्यू नावाच्या एका जीनवर ठरतं.

पण म्हणून ती जंगली होत नाही. खपलीचा खरा जंगली पूर्वज, म्हणजे वाइल्ड एमर, तो पश्चिम आशियातल्या डोंगरांत उगवतो आणि पिकला की त्याची ओंबीच तुटून दाणे खाली सांडतात. खपलीची ओंबी तुटत नाही, कारण न तुटणारी झाडंच शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी पुन्हापुन्हा पेरली.

आणि पोळीचा गहू लॅबमधला नाही हो! खपलीच्या घराण्यातल्या २८ क्रोमोसोमवाल्या गव्हाचा कॅस्पियन समुद्राच्या बाजूला एजिलॉप्स टाउशी नावाच्या रानगवताशी आपोआप संकर झाला, आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी शेतात, आणि ४२ क्रोमोसोमचा गहू जन्माला आला, ज्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय साठा, माणसाच्या जीनोमच्या पाचपट मोठा आहे. जीएम गहू पेरायला तर आपल्याकडे परवानगीच नाही.

खरी गोची वेगळीच आहे. हा संकर फार थोड्या वेळा झाला, त्यामुळे त्या गवताकडून आलेल्या भागात विविधता अगदीच कमी, आणि तांबेऱ्यासारखा बुरशीचा रोग आला की सगळ्या शेतांना एकदमच झोपवू शकतो. १९९९ मध्ये युगांडावरून नाव पडलेला युजी९९ तांबेरा आठवा, राय धान्यातून घेतलेला एसआर३१ हा जीन जगभर भरवशाचा मानला जायचा, या तांबेऱ्याने त्या जीनचाच प्रतिकार मोडून काढला. मग शास्त्रज्ञ परत रानगवताकडे वळले, एसआर३३ हा जीन त्याच टाउशी गवतातून आलाय. मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेत तर कडक (ड्युरम) गव्हाचा या गवताशी मुद्दाम नव्याने संकर करतात.

यात आपली खपली कुठे? अमेरिकेत पिकांच्या रोगांचे अभ्यासक स्टॅकमन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला १२ गव्हांचा संच केला होता, त्यातल्या एकाचं नावच 'खपली'. एसआर१३ आणि एसआर१४ हे प्रतिकाराचे जीन खपलीतून घेतलेत, आणि एसआर१३ युजी९९ समोर टिकला. लेखात याबद्दल अवाक्षर नाही, आहे ते सगळं शुगर आणि वजन. परवा दादरला एका दुकानात साध्या गव्हाच्या चौपट भावाने खपलीचं पाकीट घेतलं, दुकानदार म्हणाला, 'काकू, यात ग्लुटेन नसतंच.' अहो असतं! सीलिएकच्या, म्हणजे ज्याला ग्लुटेन हे गव्हातलं प्रोटीन अजिबात चालत नाही अशा, पेशंटने विश्वास ठेवला तर काय होईल? पीठ मात्र गोडसर आणि छान निघालं, ते कबूल.

एक विनंती. मुंबईकर महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातात, तिथेच गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र आहे. आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने खपलीची एमएसीएस २९७१ ही बुटकी जात काढलीय. पुढच्या पुरवणीसाठी तिकडे एखादा वार्ताहर पाठवा, आणि तो ग्लुटेनचा खुलासा तेवढा आधी छापा.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई