नुसता गेन वाढवून जुनं-नवं जुळत नाही

संपादक महोदय,

लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचं ‘द एम्प्टिनेस मशीन’ हे गाणं ५ सप्टेंबर २०२४ ला आलं, तेव्हापासून ‘जुना बँड परतला’ हेच ऐकू येतंय. ते अर्धंच खरं. २००० च्या ‘हायब्रिड थिअरी’ या अल्बममध्ये कडव्याला रॅप, ध्रुवपदाला किंकाळी. २०१७ च्या ‘वन मोअर लाइट’मध्ये जड गिटार जवळपास दिसेनाशीच झाली. या गाण्यात गिटार परतली, पण रॅप नाही. बँडचा जुना रॅपर माइक शिनोडा पहिलं कडवं आणि ध्रुवपद सरळ गातो. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग येते दुसऱ्या कडव्याला. दोन गळ्यांतली वाटणी जुनी, दोघांनीही गाणं हे पुढच्या काळातलं. तिच्या येण्यासाठी आधी जागा मोकळी ठेवलीय, तिथंच गाणं उभं राहतं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गॅदरिंगमध्ये असली गाणी वाजवताना नेमकी हीच जागा बुजते. पहिल्या ठोक्यापासून दोन्ही गिटार पूर्ण गेनवर, म्हणजे अँपचं आवाज करकरीत करणारं बटण शेवटपर्यंत फिरवून! गेन जास्त झाला की आवाज दबून सपाट होतो, हळू-जोरात फरक उरत नाही, मग ध्रुवपद उघडणार कुठून? रेकॉर्डिंगमध्ये जाडी येते ती एकच रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवल्यानं. स्टेजवर कडव्याला एकच गिटार ठेवा, तीही कमी गेनवर. मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कापू नका. कापलेला घरी छान वाटतो, बँडमध्ये गिटार हरवते.

ड्रॉप डी या गिटार लावण्याच्या पद्धतीत सगळ्यात जाड तार ईवरून डीवर येते, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीनवरून पांढरी दोनवर. ९-४२ चा बारीक तारांचा सेट असेल तर ती लोंबते, फ्रेटवर खरखरते, १०-५२ चा जाड सेट लावा. फ्लोटिंग ब्रिज (स्प्रिंगांवर हलता राहणारा तारांचा आधार) असेल तर एका तारेचा ताण कमी होताच स्प्रिंग ब्रिज मागं ओढतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात. एकच तार उतरवून मोकळं होता येत नाही, सगळ्या पुन्हा लावाव्या लागतात, तेही दोनतीनदा. गाणाऱ्या मुलाला झेपावं म्हणून अख्खं गाणं दोन-तीन सूर उतरवलं तर गाणाऱ्या मुलीच्या ओळी खाली जातात आणि धार जाते.

सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) ट्रॅक लॅपटॉपवरून सोडतात. डावीकडं क्लिक (ड्रमरला ताल दाखवणारी टिकटिक), उजवीकडं ट्रॅक. स्टिरिओ पिनेतून दोन मोनो जॅक काढणारी वायर घ्या. साध्या मोनो जॅकनं उजवी बाजू गायब होते आणि डावीकडची ड्रमरची टिकटिक अख्ख्या हॉलला ऐकू येते. वायरींवर पट्टी चिकटवून नाव लिहा, साउंडवाल्याला आधीच सांगा.

लॅपटॉपचा चार्जर लावताच घूं आवाज आला तर डीआय बॉक्सवरचं (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडं नेणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच मोडतात. घूं थांबतं खरं, पण उपकरणात बिघाड झाला तर करंट तारांना हात लावलेल्या गिटारवाल्याला आणि माइकला ओठ टेकवलेल्या गायकाला बसतो.

— काही गिटारवादक व साउंडवाले, टिळकवाडी, बेळगाव