वनमंत्री महोदय, अभयारण्याचे मोल तिकीटखिडकीवर ठरवू नका

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

अभयारण्याचा ताळेबंद मांडताना जमेला प्रवेशशुल्क आणि खर्चाला पगार, गस्त, कुंपण एवढेच धरले जाते. मग तोटा दिसतो आणि त्याच जंगलातून रस्ता किंवा खाण नेणे फायद्याचे वाटू लागते. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

१९४७ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्र लिहून वेगळी वाट सुचवली. तिकिटाचा दर बाजूला ठेवा, माणूस तिथवर पोचायला किती पैसा आणि वेळ घालतो ते पाहा. जवळून किती येतात, लांबून किती, यावरून लोकांच्या लेखी त्या जागेचे मोल काढता येते. हीच प्रवासखर्च पद्धत.

तिला लागतात प्रवेशद्वारावरचे चार प्रश्न. कुठून आलात, कसे आलात, मुक्काम किती, आणि खास इथेच आलात की वाटेत आणखी काही पाहणार? शेवटचा प्रश्न कृपया गाळू नका. पाच ठिकाणे फिरणाऱ्याचा सगळा खर्च एकाच जंगलाच्या नावे चढवला, तर तो फुगवलेला आकडा पहिल्याच हरकतीत कोसळेल. पाहणीही केवळ सुट्टीच्या गर्दीत उरकू नका. मुक्कामाचा पैसा जंगलाकाठच्या गावात राहतो की बाहेरच्या मालकाकडे जातो, याचीही नोंद हवी.

२०१५ मधल्या एका जागतिक अभ्यासाने संरक्षित क्षेत्रांना वर्षाला सुमारे ८ अब्ज भेटी आणि पर्यटकांचा थेट खर्च सुमारे ६०० अब्ज डॉलर असा अंदाज काढला. संरक्षणावरचा खर्च मात्र १० अब्जांच्याही आत!

आता माझी खरी काळजी सांगतो. पर्यटक जिथे पाऊल ठेवत नाही, त्या गाभ्याचे मोल या पद्धतीत शून्य निघते. प्राण्यांची पिल्ले निर्धास्त वाढतात ती जागा तीच. शेजारच्या गावातून पायी येणारा माणूसही या गणितात जवळपास दिसत नाही. उद्या कोणी हाच आकडा दाखवून ‘गाड्या वाढवा, मोल वाढेल’ म्हणेल. म्हणून हा हिशेब फक्त पर्यटनाचा आहे, असे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा. पाणी, माती, परागीभवन यांचा वेगळा मांडा. आणि गाड्यांची मर्यादा जंगलाला काय झेपते त्यावरून ठरवा, उत्पन्नावरून नव्हे.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी प्रत्येक अभयारण्यात ही पाहणी व्हावी आणि तिची मूळ आकडेवारी सर्वांना तपासायला खुली करावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नागरिक