पेशी मेल्या, पुढे काय?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पाल्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशींचं काय होतं, हा तुझा आलेख पाहिला. रेघ डावीकडून उजवीकडे छान उतरली आहे आणि आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणणारं प्रमाण) आला आहे मिलिलिटरमागे १८० मायक्रोग्रॅम. पहिल्याच वर्षी अशी रेघ हाती लागली की माणूस हरखतो. हरखावंच. पण त्याच संध्याकाळी तू घरच्या ग्रुपवर ‘आमच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ असं लिहिलंस आणि मावशीने लगेच विचारलं, मग मी तो पाला घेऊ का? तिची केमो चालू आहे. तिला उत्तर देण्याआधी तुझ्या प्लेटची, त्या छोट्या खळग्यांच्या तबकडीची, जरा उलटतपासणी करू. माझी सगळी नोकरी पेशी वाढवणाऱ्या कल्चर लॅबमध्ये गेली, त्यामुळे लाड न करता विचारते.

पेशी मेल्या हे तुला कळलं कशावरून? रंगावरून. मॉसमन या शास्त्रज्ञाने १९८३ साली मांडलेली एमटीटीची पद्धत अजून जगभर चालते, कारण ती स्वस्त आणि सोपी आहे. जिवंत पेशी एमटीटी नावाच्या पिवळ्या संयुगाचं जांभळं फॉरमझान करतात, आपण ते विरघळवतो आणि ५७० नॅनोमीटरला रंग किती गडद आहे याचं रीडिंग घेतो. म्हणजे मोजलं जातं ते पेशींचं क्षपणाचं (इलेक्ट्रॉन देण्याचं) काम, पेशींची डोकी नव्हेत. पेशी जिवंत आहे पण मंदावली आहे, तरी रंग फिका येतो. तिने नुसतं विभाजन थांबवलं, तरी ४८ तासांनी कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न घातलेल्या पेशींच्या, मानाने फिकाच. म्हणून अर्क घालतानाच एक वेगळी प्लेट मोजून ठेवायची, शून्य तासाची. शेवटचा आकडा शून्य तासापेक्षा खाली गेला तर पेशी मेल्या म्हण. वर राहिला तर वाढ रोखली, एवढंच म्हण. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण एकच नाहीत.

आता उलटी बाजू. वनस्पतीच्या अर्कात पॉलिफेनॉल नावाची संयुगं ठासून भरलेली असतात आणि ती पेशींच्या मदतीशिवायही एमटीटीला जांभळं करतात. एका ओळीत पेशी न घालता नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रव), अर्क आणि एमटीटी ठेव. रंग आला, तर तुझे आकडे त्या प्रमाणात खोटे. शिवाय चहातल्या ईजीसीजीसारखी काही पॉलिफेनॉल मीडियममध्येच ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी मरतात खऱ्या, पण त्या पेरॉक्साइडने. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज घालून तोच प्रयोग कर. परिणाम नाहीसा झाला, तर वनस्पतीला श्रेय देऊ नकोस.

फोटोत आणखी एक दिसलं, त्याने मला खरी धास्ती वाटली. सगळ्यात जास्त प्रमाणाच्या वेलमधून (प्लेटच्या खळगीतून) तू मीडियमनेच पातळ करत खाली आली आहेस. म्हणजे अर्काबरोबर, तो ज्यात विरघळवतो ते डीएमएसओही पातळ होत गेलं. वरच्या वेलमध्ये ते एक टक्का आहे आणि कंट्रोलमध्ये ०.१. मग उतरलेली रेघ अर्काची की डीएमएसओची, हे तू कशी सांगणार? प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखंच हवं, कंट्रोलमध्येसुद्धा. आणि कंट्रोल पहिल्या स्तंभात का? ९६ वेलच्या प्लेटला कडेचे ३६ वेल असतात, इन्क्युबेटरमध्ये सगळ्यात आधी तिथलं पाणी उडतं. तिथे बफर भर आणि आतल्या साठांत काम कर.

एमटीटी घालण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरायचा कंटाळा करू नकोस. पेशी गोल होऊन तळ सोडतात का, त्यांना फोड येतात का, की ताणलेल्याच राहून नुसत्या विरळ दिसतात? जास्त प्रमाणाच्या वेलमध्ये अर्काचा साका बसून पेशींवर पुट चढलंय का? हे प्लेट रीडरला कधीच दिसत नाही. मला विचारशील तर तिथली दहा मिनिटं कुठल्याही सॉफ्टवेअरच्या वक्ररेषेपेक्षा मोलाची.

पेशी कुठल्या, तेही लिहिलं नाहीस. ‘शेजारच्या लॅबने दिल्या’ हे उत्तर चालणार नाही. हेला या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सर-पेशी इतर कल्चरमध्ये घुसून बसल्याचं गार्टलर या शास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवलं, तरी त्यानंतरही चुकीच्या नावाच्या पेशींवर काम होतच राहिलं. एमडीए-एमबी-४३५ ही पेशींची जात स्तनाच्या कॅन्सरची म्हणून कितीतरी वर्षं वापरली, ती निघाली मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची. डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी एसटीआर तपासणी आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूंची चाचणी करून घे. आणि ‘नॉर्मल’ म्हणून एचईके-२९३ पेशी घेतल्या असशील तर त्या नॉर्मल नाहीत, विषाणूच्या जनुकांनी अमर केलेल्या आहेत. निरोगी माणसाचे प्राथमिक (थेट शरीरातून घेतलेल्या) फायब्रोब्लास्ट पेशी मिळव. त्यांना मारायला लागणारं प्रमाण कॅन्सरच्या पेशींच्या कितीतरी पट निघालं, तरच पुढे जाण्यात अर्थ. नुसतं मारायला काय, मीडियममध्ये मीठ वाढवलं तरी पेशी मरतात.

आता तो १८०चा आकडा. पाच लिटर रक्तात तेवढं प्रमाण आणायचं तर ०.९ ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात विरघळलेला हवा. तोही आतड्यातून सगळाच्या सगळा शोषला गेला, यकृताने हात लावला नाही आणि बाकीच्या शरीरात काहीच गेलं नाही असं धरून. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाला बऱ्याच पेशींवर मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तुझा कच्चा अर्क आहे, त्यात खरं काम करणारं संयुग कणभरच असेल हे मान्य. म्हणूनच अर्काचे भाग पाड, प्रत्येक भाग पेशींवर तपास. भाग पाडत जाताना आकडा झपाझप खाली आला तर माझ्यापेक्षा जास्त आनंद कुणाला होणार नाही. तसंच राहिलं तर तेही लिहून ठेव. हळदीतल्या कर्क्युमिनचं बघ: प्लेटमध्ये ते कशावरही चालतं. पण ते स्वतः चमकतं, गोळे करतं, शरीराच्या पीएचला टिकत नाही. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात १२०हून अधिक मानवी चाचण्या धुंडाळल्या, प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना करणारी एकही दुहेरी-अंध चाचणी यशस्वी सापडली नाही.

हे वाचून खट्टू होऊ नकोस. झाडांनी दिलेली औषधं खरीच आहेत. सदाफुलीवर नोबल आणि बिअर हे शास्त्रज्ञ काम करत होते ते मधुमेहासाठी. साखर हलली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या, आणि त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध आलं. पॅसिफिक यू झाडाची साल १९६२ साली गोळा झाली, वॉल आणि आपले मनसुख वाणी यांनी तिच्यातल्या त्याच पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ साली छापली, ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना घट्ट धरून ठेवतं हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवलं, आणि औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९२ साली. वॉल-वाणी याच जोडीने शोधलेलं कॅम्प्टोथेसिन तर रुग्णांना झेपलं नाही म्हणून १९७०च्या दशकात बाजूला पडलं होतं. ते नेमकं टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला पकडतं हे कळल्यावर त्याची सुधारलेली भावंडं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान, १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली.

मावशीशी मी बोलले. पाला घेऊ नकोस, आणि जे काही घेत असशील ते डॉक्टरांना आधी सांग, असं म्हटलं. ‘वनस्पतीच तर आहे’ हे तिचं म्हणणं. तिला इरिनोटेकानचंच उदाहरण दिलं: सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सोबत घेतलेल्या रुग्णांत त्या औषधाच्या क्रियाशील रूपाचं रक्तातलं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटलं होतं. पाल्याने विष चढेल इतकीच भीती नसते, केमोच निकामी होऊ शकते. ती जरा हिरमुसली. तुझ्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, तेव्हा तू स्वतः फोन कर आणि ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाक.

पुढची प्लेट लावताना पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास पेशी मारणारं) म्हणून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेणार असशील, तर ते डीएमएसओत विरघळवू नकोस, त्यात ते निकामी होतं. सलाइनमध्ये कर, ताजं कर. झाडाचा नमुना वनस्पतिसंग्रहात जमा केला नसशील तर आधी तो कर, फुलासकट. आणि मला आलेख नको, प्लेटची कच्ची रीडिंग पाठव, रिकाम्या वेलसकट सगळी.

तुझी,
आई