एसीचं पाणी, कोरडा बिल्ज आणि आमचे मिस्त्रीकाका

काका, सप्रेम नमस्कार.

एवढं लांबलचक तुम्ही मोबाइलवर वाचणार नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "होय होय" म्हणून ठेवून दिला असता. शिवाय देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी बोटीच्या केबिनमध्ये एसी बसवलाय, त्यांच्याही हे कामी येईल.

गेल्या मे महिन्यात आमच्या बोटीचा बिल्ज, म्हणजे फळ्यांखालची तळाची पोकळी, रोज सकाळी ओला असायचा. पंप रात्रभर मधून मधून चालायचा, तरी तळाशी पाणी उरायचंच. ज्याला दाखवावं तो फळ्यांच्या सांध्यांकडे बोट दाखवी आणि बोट वर ओढून सांधे नव्याने भरून घ्या म्हणे. खर्चाचा आकडा ऐकून माझी झोप उडाली होती. तुम्ही आलात, जमिनीची फळी उचललीत आणि विचारलंत, "पाणी खारा काय गोडा?" कुणाला सुचलंच नव्हतं. ओंजळीतलं थोडं जिभेला लावलंत आणि म्हणालात, "गोडा असा. ह्या खाडीचा पाणी नाय." (पावसात कर्ली नदीच गोडी होते, तेव्हा ही परीक्षा चालत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.)

मग पिण्याच्या टाकीचा कॉक बंद करून एक रात्र काढली, तरी पाणी आलंच. दुसऱ्या रात्री एसी बंद ठेवायला लावलात. पाहुण्यांनी कुरकुर केली, पण सकाळी तळ कोरडा! एसीतून गळणारं पाणी ज्या ट्रेमध्ये जमतं, त्याची नळी एसी बसवणाऱ्यांनी सरळ बिल्जमध्ये सोडून दिली होती. किनाऱ्यावरची दमट हवा थंड कॉइलला लागली की तासाला लिटरभर पाणी सहज गळतं. रात्रभराचा हिशेब करा, बादली भरते. आणि बिल्जचा पंप तळाचं शेवटचं दोन बोटं पाणी कधी उचलतच नाही, वर पंप थांबला की पाइपात उरलेलं परत खाली येतं. म्हणजे बिल्ज कोरडा होणं शक्यच नव्हतं. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजतं, हे मला तुमच्याकडून कळलं. त्याहून मोठा तोटा म्हणजे तळात रोजचंच पाणी असलं की खरोखर गळती लागली तरी कळणार कशी?

पण मी खरी घाबरले ती धुराच्या गोष्टीने. एसीचा पंखा हवा ओढतो, तशी ती ड्रेनच्या नळीतूनही ओढतो. नळीचं तोंड जनरेटरच्या खोलीत किंवा धुराच्या पाइपाजवळ असेल, तर कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या केबिनमध्ये. वास नाही, रंग नाही. तुम्ही नळीला ट्रेखालीच यू आकाराचा बाक दिलात. त्यात पाणी अडून राहतं, हवेची वाट बंद होते आणि ट्रेमधलं पाणीही अडखळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बाक सुकलेला असतो म्हणून ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओतायचं, हे मी आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आमचा एसी बसायच्या बाकड्याखाली, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली, त्यामुळे उतार देऊन पाणी बाहेर काढणं शक्य नव्हतं. समुद्राच्या पाण्याच्या जोरावर ट्रेमधलं पाणी खेचून घेणारा नोझल मिळतो, तोही मी दाखवला होता. "गाळान तोंड बुजतला," एवढंच बोललात आणि विषय संपला. त्याऐवजी झाकणबंद छोटा डबा, त्यात फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) पंप, पुढे उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह आणि बाजूला पाणरेषेच्या वर तोंड. ते तोंड कुठे पाडायचं हे ठरवायला तुम्ही आम्हा सगळ्यांना बोटीच्या एकाच कडेला उभं केलंत! पाहुणे डॉल्फिन बघायला एका बाजूला धावतात तेव्हा बोट किती कलते, ते बघून खूण केलीत आणि वर आणखी चार बोटं सोडलीत. ड्रिल मशिन हातात घेण्याआधीची ती अर्ध्या तासाची शांतता मी विसरणार नाही. कामगारांना चहा दोनदा द्यावा लागला.

आता बिल्जमध्ये मी वर्तमानपत्राचा कागद टाकून ठेवते, तो कोरडाच असतो. आठवड्याला ट्रेमधला बुळबुळीत थर पुसते, नाहीतर नळी तुंबते, हे सांगितलेलं लक्षात आहे.

मजुरीचं पाकीट तुम्ही निम्मं परत केलंत, ते पटलेलं नाही. पुढच्या केबिनमध्येही एसी बसवायचा आहे. नळी कुठून न्यायची ते तुम्ही येऊन बघाल, तेव्हा उरलेली मजुरी चुकती करीन, आणि या वेळी घ्यावी लागेल. सुरमई काकूंसाठी वेगळी.

आपली,
देवबागची होडीवाली